वासाचं काम माझ्याकडे होतं

दवाखान्याच्या दारातून मी आत शिरलो आणि बसलेले लोक उठून बाहेर पळायला लागले.

आधी मला कळलंच नाही. बाकावरची एक बाई कडेवरच्या पोरीचं तोंड पदराने झाकून उठली, तिच्या मागोमाग दोघं-तिघं उठले. औषधाच्या खिडकीतला माणूस ओरडला, "अहो गॅस सुटलाय! कुणी बटणं दाबू नका, बाहेर व्हा!" एक नर्स धावत आली आणि खिडक्या उघडायला लागली. मग मी हात वर केला.

"थांबा बाई," मी म्हणालो. "गॅस नाही सुटलेला. माझ्या कपड्यांचा वास आहे."

तिने नाकाला रुमाल लावला. "काय काम करता तुम्ही?"

"गॅसला वास घालायचं."

"काय घालायचं?"

"वास. माझी बायको आत आहे. झुंबर वरंदळ. घरात स्फोट झाला म्हणून आणलीय तिला."

नर्सने रुमाल खाली घेतला. पण तिला ते सहन झालं नसावं, कारण तिने लगेच तो परत लावला. मला भिंतीपाशी उभं करून ती आत गेली. मग डॉक्टर आले. पोरसवदा होते. तोंडावर मास्क होता, तरी माझ्यापासून चार हात लांबच थांबले.

"बाबा," ते म्हणाले, "इथे आणलं तेव्हाच सगळं संपलं होतं. डोक्याला फार मार होता."

एवढं बोलून त्यांनी एकदम तोंड फिरवलं. त्यांना ओकारी आली होती. ती दाबण्यासाठी ते खोकल्यासारखं करत राहिले. मग वळून म्हणाले, "माफ करा."

बायको गेल्याचं मला असं कळलं. सांगणाऱ्याला माझ्या अंगाच्या वासाने मळमळत होतं.

याला आता चार वर्षं झाली. फेब्रुवारीतला मंगळवार होता.

जमिनीतून पाइपाने येतो तो गॅस नुसता असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळला तर माणसाला कळावं म्हणून गावात सोडण्याआधी त्यात एक औषध मिसळतात. सडका कांदा आणि मेलेला उंदीर एकत्र केला तर येईल तसा त्याचा वास. थेंबभर अंगावर पडलं तरी तीन दिवस जात नाही. आमच्या गावाबाहेर गॅस कंपनीचं स्टेशन होतं, तिथे ते मिसळायचं काम माझ्याकडे होतं. ड्रम जोडायचा, पंप बघायचा, किती औषध गेलं ते वहीत लिहायचं. त्या दिवशी दुपारी मी ड्रम बदलत होतो. ड्रमजवळ मोबाइल नेत नाहीत, बाहेरच्या पेटीत ठेवतात. काम उरकून बाहेर आलो तर समोरच्या घरातल्या मंदा शिरसाटचे अकरा फोन येऊन गेलेले. फोन लावला, तिने स्फोटाचं आणि दवाखान्याचं सांगितलं, तसाच मोटरसायकलवर बसलो. कपडे बदलायचं सुचलं नाही.

त्याआधी चौदा वर्षं मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कागद कारखान्यात कोळशाच्या बॉयलरवर होतो. कोळशाला मी कधीही चांगलं म्हणणार नाही. थुंकलं तर काळं पडायचं. माझ्या पाळीतली दोन माणसं पन्नाशीच्या आत छातीच्या दुखण्याने गेली. त्यामुळे गॅस आला आणि एकेक बॉयलर त्यावर चालायला लागला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कंपनीतले साहेब आम्हाला पडद्यावर चित्र दाखवायचे. एका काठावर कोळशाचा ढीग, दुसऱ्या काठावर सूर्य आणि पवनचक्क्या, मधे निळा पूल. पुलावर लिहिलेलं, गॅस. सगळं जग या पुलावरून पलीकडे जाणार आहे असं ते सांगायचे. मला ते पटायचं. घरी येऊन मी झुंबरलाही सांगितलं होतं.

झुंबर म्हणाली होती, "जग जाऊ द्या पलीकडे. आपल्याकडे पाइप कधी येतोय ते विचारा. सिलिंडर जिन्याने चढवून माझी कंबर गेली."

ती सव्वीस वर्षं विड्या वळायची. डोळे अधू झाले तेव्हा सोडलं. आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी तिच्या केसांना, हातांना, पदराला तंबाखूचा वास यायचा. मग तो मला यायचा बंद झाला.

आमच्या कॉलनीत तीन इमारती, ए, बी आणि सी. मिळून एकशे बारा घरं. आम्ही बीमध्ये दुसऱ्या मजल्यावर. पाइप बसला तो स्फोटाच्या आधीच्या दिवाळीत. जोडणी झाली की पाइपात हवा भरून अर्धा तास दाबाचा काटा बघायचा असतो. काटा हलला नाही तर घरवाल्याने कार्डावर सही करायची, मगच गॅस सोडायचा. फिटरने आमच्याकडे काटा लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "वरंदळ काका, तुम्ही तर कंपनीचेच. आज अजून बावीस घरं उरकायची आहेत, वरून तारीख दिलीय. करा सही."

मी सही केली. ते बघून मंदाने केली. तिचं बघून वरच्या मजल्यावर झाल्या. "वरंदळांनी केलीय ना, मग काय बघायचं," असं लोक एकमेकांना सांगत होते. हे मी माझ्या कानाने ऐकलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आमचा पाइप ओट्याच्या वरच्या माळ्यातून गेला होता आणि माळ्याला पुढून प्लायवुडची दारं होती. हा गॅस हवेपेक्षा हलका असतो, सिलिंडरच्या गॅससारखा खाली बसत नाही. माळ्यातला सांधा गळला, गॅस वर साठत गेला. चार वाजता तिने चहाला काडी ओढली. माळा भिंतीसकट खाली आला.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आलो. आमची मुलगी रोहिणी संगमनेरहून आली होती. तिने माझ्याकडे बघत विचारलं, "आप्पा, आईला वास कसा नाही आला?"

मलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार? वासाचं काम माझ्याकडे होतं.

पाचव्या दिवशी खानविलकर साहेब आले. हे आमचे तालुक्याचे प्रमुख. त्यांनी आधी पाठवलेलं फुलांचं चक्र दारामागे पडून होतं. त्यावर कंपनीच्या नावाची रुंद फीत होती आणि झुंबरचं नाव कुठेच नव्हतं. साहेबांनी भारी अत्तर लावलं होतं. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि मोडलेल्या स्वयंपाकघराकडे पाठ येईल अशी त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. मंदाने तिच्या घरून चहा आणून दिला. साहेबांनी बिस्किट बुडवलं.

"वरंदळ, झालं ते फार वाईट झालं. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत." त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. "एवढं वाचा आणि सही करा. म्हणजे लवकर मोकळे व्हाल."

"वाचून दाखवा साहेब. माझा चष्मा माळ्याखाली गेला."

त्यांनी वाचलं. गॅसमध्ये नियमानुसार पुरेसा वास होता. मयत महिलेने वास येत असताना दुर्लक्ष केलं. खिडकी बंद ठेवली. जोडणीत दोष नव्हता, चाचणीचं कार्ड सोबत जोडलं आहे. सबब कॉलनीतल्या इतर जोडण्यांची फेरतपासणी करण्याचं कारण नाही. खाली माझं नाव. पती आणि कंपनीचा कर्मचारी.

"दुर्लक्ष केलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मग दुसरं काय असणार? तुमची वही बरोबर आहे. वास होता. म्हणजे त्यांनी मनावर घेतलं नाही."

"आणि कार्ड? फिटरने काटा दोन मिनिटं लावला होता."

साहेबांनी बिस्किटाचा तुकडा गिळला. "सही तुमची आहे, वरंदळ."

मला त्यांच्या ओठाला लागलेला बिस्किटाचा भुगा दिसत होता. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी रडतो आहे. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे बघा. वीस तारखेला कार्यक्रम आहे. वसाहतीतला शेवटचा कोळशाचा बॉयलर बंद होणार, परदेशातून पाहुणे येणार. तुम्ही स्वतः कोळशात काढलीत इतकी वर्षं. तुम्हाला मी काय सांगणार? ऊन आणि वारा सगळी कामं करायला लागेपर्यंत वीस-पंचवीस वर्षं जातील. तोवर जगाला गॅसवरच निभवायचंय. आता गॅसने बाई मेली अशी बातमी गेली, की गावोगावचे लोक अर्ज मागे घेतील. परत चुली, परत कोळसा. ते हवंय का तुम्हाला?"

"नकोय."

"मग?"

"साहेब, तुम्ही त्याला पूल म्हणता. पुलावर गाड्या सोडायच्या आधी वजन ठेवून बघतात की नाही? आमच्या कॉलनीत बघितलेलं नाही. आधी सगळ्या घरांची चाचणी करा. अर्धा अर्धा तास काटा लावा. मग मी सही करतो."

"चाचणी करायची म्हणजे चूक कबूल करायची," साहेब म्हणाले.

"चूक झालीच आहे."

ते उठले. कागद स्टुलावर ठेवला. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "चौकशी सोमवारी आहे, बाहेरच्या अधिकारी येणार आहेत. त्यांच्यासमोर विचार करून बोला. वास आला नाही असं म्हणालात, तर वासाचं काम कुणाकडे होतं तेही विचारलं जाईल."

ते गेल्यावर मंदा कपबशा न्यायला आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिचं घर समोर, जिन्याच्या पलीकडे. तिच्या ओट्यावरचा पाइप त्याच फिटरने त्याच दिवशी जोडलेला.

"मी शेगडी लावायची का नको, दाजी?" तिने विचारलं.

"नको लावू."

"मग सासूबाईंना पेज कशावर करू?"

ती जुना रॉकेलचा स्टोव्ह शोधायला गेली. साहेबांना कार्यक्रमाआधी प्रकरण मिटवायचं होतं. वीस तारखेपर्यंत माझ्या सहीवाचून कागद अडला, तर एकशे अकरा घरांत काटा लागणार होता. सही झाली तर नाही. इतकं सरळ होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेलो. माझी सुट्टी होती, पण चौकीदार ओळखीचा, त्याने सोडलं. चौकीदाराचा चष्मा लावून मी वही काढली, पंपाचा आकडा बघितला, ड्रमचं वजन बघितलं. आठवडाभराचा हिशेब तीन वेळा लावला. औषध बरोबर गेलं होतं. थोडं जास्तच. मला वाटलं होतं चूक सापडेल. खरं सांगतो, ती सापडावी असंच मला वाटत होतं. माझ्या चुकीने वास कमी झाला असता तर झुंबरने दुर्लक्ष केलं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

पण वास होता. कुणालाही आला असता. दवाखान्यात माझ्या नुसत्या शर्टाने माणसं पळाली होती. मग ती का उठली नाही?

परत आलो. मंदा जेवणाचा डबा घेऊन आली होती. रॉकेलच्या जुन्या स्टोव्हवर केलं होतं. ती माझ्याकडे न बघता डबा ठेवून वळली, तसं माझ्या ध्यानात आलं की पाच दिवसांत ही बाई एकदाही माझ्या नजरेला नजर देऊन बोललेली नाही.

"मंदा, त्या दिवशी दुपारी तू घरीच होतीस ना?"

"हो."

"तुला वास आला?"

ती दाराची कडी धरून उभी राहिली.

"आला का नाही? सरळ सांग."

"आला दाजी. दोनच्या सुमारास आला. मी आले इकडे. म्हटलं, ताई, अहो केवढा वास सुटलाय! त्या हसल्या. म्हणाल्या, यांचे कपडे भिजवलेत गं मोरीत. काल जरा जास्तच सांडलं म्हणे अंगावर. ब्लीचिंग टाकलंय, जाईल तासाभरात."

ती बोलत राहिली. आता तिला थांबता येत नव्हतं.

"मी म्हटलं, ताई, कसं सहन करता रोज? तर म्हणाल्या, मी वीस-पंचवीस वर्षं तंबाखू अंगाला घेऊन यांच्याशेजारी निजले. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आता मी यांना कोणत्या तोंडाने बोलू? आणि मला चहाला थांब म्हणाल्या. मी नाही थांबले. मला मळमळत होतं."

मी उठून मोरीत गेलो. मोरीची भिंत शाबूत होती. कोपऱ्यात बादली तशीच होती, वरून चुन्याची ढेकळं पडलेली. मी पाण्यातून शर्ट काढला आणि नाकाला लावला. मला वास आला नाही. मी मंदाला विचारलं, "येतोय का?" ती तोंडाला पदर लावून मागे सरली.

"येतोय, दाजी."

तेव्हा मला माझी किळस आली. ती कुठून सुरू होऊन कुठपर्यंत गेली ते मला सांगता येत नाही. मी बादलीशेजारीच बसून ओकलो. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी आलं.

कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत असा कंपनीचाच नियम होता. स्टेशनवर त्यासाठी धुण्याचं मशीन होतं. ते बिघडलं. मी खानविलकर साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "तात्पुरते घरी धुवा." ते तात्पुरतं तीन वर्षं चाललं होतं. तीन वर्षं मी तो वास रोज घरी आणला आणि तिला त्याची सवय लावली.

मंदा माझ्या शेजारी उकिडवी बसली. "दाजी, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. सोमवारी तुम्ही म्हणा, वासच नव्हता. मी पण म्हणते, मला आला नाही. मग त्यांना झक मारत सगळी घरं तपासावी लागतील."

मी विचार केला. खोटं सांगू नये असं काही माझ्या मनात आलं नाही, ते आता उगाच सांगणार नाही. मी फक्त पंपाच्या आकड्याचा विचार केला. पंपाचं मशीन आपणहून नोंद ठेवतं. वासच नव्हता म्हणालो तर तासाभरात ते खोटं निघालं असतं आणि मग कार्डाबद्दल मी जे खरं बोलणार होतो तेही कुणी ऐकलं नसतं.

"खरंच सांगावं लागेल," मी म्हणालो. "सगळं."

"ते लोक ताईंवरच ढकलतील."

"कपड्यांचं मी सांगितलं तर माझ्यावर येईल. तिच्यावर कसं येईल?"

मंदा माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

सोमवारी चौकशी कंपनीच्या ऑफिसातच ठेवली होती. टेबलाच्या एका बाजूला इनामदार मॅडम, या बाहेरून नेमलेल्या अधिकारी, चाळिशीच्या असतील. शेजारी खानविलकर साहेब. मधे काजूची ताटली. मी पांढरा सदरा घालून गेलो होतो, रोहिणीने आणलेला कोरा.

मी सगळं सांगितलं. फिटर, दोन मिनिटं, तारीख, माझी सही, माझी सही बघून इतरांनी केलेल्या सह्या. मॅडम भराभर लिहीत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "हे सांगितल्यावर तुमच्यावर कारवाई होऊ शकते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

खानविलकर साहेब म्हणाले, "मॅडम, थोडं मोठं चित्र बघायला हवं. शेवटी हे इंधन कोळशापेक्षा..."

"जळालं तर," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जळालेला गॅस कोळशापेक्षा बरा, यात वाद नाही. न जळता हवेत गळलेला गॅस उष्णता धरून ठेवतो, धुरापेक्षा कितीतरी जास्त. घराघरात सांधे गळत असतील तर तुमच्या मोठ्या चित्राला काही अर्थ राहत नाही, साहेब. त्यासाठी तरी काटा अर्धा तास लावायला हवा होता."

साहेबांनी काजू उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. पहिल्यांदाच मला वाटलं की घरं तपासली जातील.

मग मॅडमनी मला विचारलं, "वास होता का?"

"होता. पुरेसा होता."

"मग तुमच्या पत्नीला धोका का जाणवला नाही?"

मी कपड्यांचं सांगितलं. बादली, ब्लीचिंग, बिघडलेलं मशीन, साहेबांना दोनदा सांगितलेलं. मंदा काय म्हणाली आणि झुंबर काय म्हणाली तेही सांगितलं. तंबाखूचं नाही सांगितलं. ते त्या टेबलावर काढायची माझी तयारी नव्हती.

बोलत असताना माझी नजर खानविलकर साहेबांकडे गेली. ते मागे टेकून बसले होते. आठवडाभर तापाने फणफणलेल्या माणसाला घाम सुटून बरं वाटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी काजू तोंडात टाकला. तो चावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"म्हणजे शेजारणीने सावध केलं होतं," ते मॅडमना म्हणाले. "हे महत्त्वाचं आहे. लिहून घ्या."

अठरा तारखेला कॉलनीच्या फलकावर नोटीस लागली. रोहिणीने वाचून दाखवली. गॅसमध्ये पुरेसा वास होता. शेजारच्या महिलेने सावध करूनही मयत महिलेने दुर्लक्ष केलं. मयत महिलेला त्या वासाची सवय असल्याचं पतीने कबूल केलं आहे. फेरतपासणीची आवश्यकता नाही. कार्डाचा एक शब्द नव्हता. मशीनचा नव्हता. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी लिहिलं होतं, वरंदळ. दोन पानं लिहिली होती. वरून जी प्रत आली तिच्यात ती नाहीत."

मी सही केली नव्हती. त्यांना माझ्या सहीची गरजच उरली नव्हती. माझं अर्धं बोलणं त्यांना पुरलं.

वीस तारखेला कार्यक्रम झाला. मी गेलो नाही. लोक सांगत होते की पाहुण्यांनी समईऐवजी मोठी शेगडी पेटवली आणि टाळ्या झाल्या. बॉयलर मात्र खरोखर बंद झाला. मी गच्चीवरून बघितलं, वसाहतीवर धूर नव्हता. चौदा वर्षं मी ज्याची वाट बघितली होती ते समोर होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी खाली उतरलो तर दोन माणसं जिन्यात पोस्टर चिकटवत होती. वर कंपनीचं नाव, खाली झुंबरचा फोटो. जोडणीच्या अर्जावर लावलेला. तिने त्यासाठी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. फोटोखाली लिहिलं होतं, "झुंबर सुरक्षा अभियान. भगिनींनो, वासाकडे दुर्लक्ष करू नका." शेवटी हात जोडलेलं चित्र.

रोहिणी माझ्या मागे होती. तिने ते फाडलं नाही. आधी नखाने कडा सोडवली आणि आईच्या चेहऱ्याला धक्का न लावता पूर्ण कागद उतरवून घेतला. चिकटवणारा म्हणाला, "ताई, असं करू नका, आम्हाला मोजून लावायचेत."

"किती आहेत?"

"बारा. तिन्ही इमारतींत, मजल्यागणिक एक."

"आणा सगळे इकडे," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून त्याने दिले. मग ती माझ्याकडे वळली.

"कपडे धुवायचं मशीन बिघडलंय हे तुम्ही मला का नाही सांगितलं, आप्पा? मी घेऊन दिलं असतं."

एवढंच बोलली. त्यानंतर ती वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आता येते. तिच्या हातचं जेवण मी खातो.

नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली. मग एक वाडगा, साबण आणि दाढीचा ब्रश घेऊन घराघरात जायला लागलो. सांध्याला फेस लावायचा आणि बघत बसायचं. गळत असेल तर फेसाला बुडबुडा येतो. पहिलं घर मंदाचं. ओट्यामागच्या कोपऱ्यात फेस लावला आणि आम्ही दोघं बघत बसलो. बारीक बुडबुडे यायला लागले, एकामागून एक. मंदाने कॉक बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी कंपनीला पत्र लिहिलं, सोबत मोबाइलवर काढलेला फोटो जोडला. दोन महिन्यांनी माणूस येऊन सांधा बदलून गेला. नोटीस बदलली नाही.

ए आणि बी इमारतीतली सगळी घरं मी या चार वर्षांत तपासली. सात सांधे गळके निघाले. ते दुरुस्त करून घेतले. दर वेळी पत्र, दर वेळी दोन-तीन महिने. सी इमारतीच्या चेअरमनने मला दारात येऊ दिलेलं नाही. तो म्हणतो, कंपनीने कळवलंय की तपासणीची गरज नाही, तुम्ही उगीच बायामाणसांना घाबरवता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी जाऊन विचारतो.

सी इमारतीतली अडतीस घरं अजून तपासायची राहिली आहेत.